तात्यांचे जावई

तात्यांना मुलगी नव्हती, पण जावई दोन होते. दोघंही दिवाळसणाला म्हणून आले आणि परत गेलेच नाहीत. थोरल्याला झोपेशिवाय काही सुचायचं नाही, धाकट्याला कसल्या ना कसल्या एजन्सीचं वेड. सासरे निवृत्त पोस्टमास्तर. ते दर भागात या दोघांना घालवायची नवी युक्ती काढायचे, ती त्यांच्याच अंगाशी यायची, आणि शेवटी दोन्ही जावई व्हरांड्यात चहा पीत बसलेले दिसायचे. अशी एक जुनी विनोदी मालिका होती. टीव्हीवरून ती केव्हाच गेली होती. तात्यांच्या मुलानं ती कुठून तरी मिळवून पेन ड्राइव्हवर भरून दिली होती, आणि रोज संध्याकाळी सातला ती तात्यांच्या बैठकीत लागायची. संपली की पुन्हा पहिल्यापासून.

मी त्यांची भाडेकरू. बारामतीत एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला होते. दिवसभर लोकांच्या दंडाला रबर बांधायचं, 'मूठ आवळा' म्हणायचं, सुई टोचायची, 'सोडा' म्हणायचं. या कामात माणसांशी फार न बोलायची सवय लागते, आणि माझा मूळ स्वभावही तसाच. वरच्या दोन खोल्या मला मिळाल्या त्या स्वस्त होत्या म्हणून. स्वस्त का, ते राहायला गेल्यावर कळलं. जिना घरातूनच होता, तोही बैठकीच्या मधून. संध्याकाळी कामावरून आलं की टीव्ही आणि तात्या यांच्या मधून गेल्याशिवाय मला स्वतःच्या खोलीत जाता येत नसे. पहिल्या आठवड्यात मी वाकून, पदर सावरत, घाईनं जायची. तात्या म्हणाले, "म्याडम, पळू नगा. गिझरची चाललीया. गिझर फुटंस्तवर बसा, मग जावा."

गिझर फुटला. मी वर गेले. पुढं तो गिझर फुटताना मी इतक्या वेळा पाहिला की लॅबमध्ये एखाद्याची शीर सापडत नसली की मला मनातल्या मनात पोस्टमास्तर ओरडताना ऐकू यायचे.

तात्या एसटीत वाहतूक नियंत्रक होते. म्हणजे स्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसायचं, गाड्यांच्या नोंदी करायच्या आणि माइकवरून पुकारायचं. सगळी नोकरी इंदापूर आणि बारामतीच्या स्टँडवर गेली. निवृत्तीनंतर माइक गेला, आवाज राहिला. तो नाकातून यायचा आणि प्रत्येक वाक्य दोनदा यायचं. "वरच्या म्याडमसाठी सूचना. टाकीतलं पानी संपत आलं हाय. टाकीतलं पानी संपत आलं हाय." हे ते जिन्याच्या पायथ्याशी उभं राहून, हात मागं बांधून म्हणत. शेजारपाजारच्या बाया आपापल्या टाक्या बघायला जायच्या.

मालिकेच्या भागांनाही ते गाड्या म्हणत. गिझरची गाडी, स्कूटरची गाडी, म्हशीची गाडी. पोस्टमास्तर जावयांना कंटाळून स्वतःच घर सोडून जातात तो भाग दोन तुकड्यांत होता, ती मुक्कामी गाडी. पेन ड्राइव्हवर जाहिराती नव्हत्या, म्हणून सगळ्याच विनाथांबा. काकी, म्हणजे त्यांची बायको, स्वयंपाकघरातून विचारायच्या, "आज कुठली लागली वं?" तात्या सांगायचे, "म्हशीची." मग काकी म्हणायच्या, "लागू द्या," आणि भाकरी थापायला घ्यायच्या.

काकी कधी टीव्हीसमोर बसल्या नाहीत. त्यांची पाठ कायम टीव्हीकडे आणि तोंड चुलीकडे. मला वाटायचं, त्यांना या प्रकरणाचा वैताग आहे. बोलायच्याही तशाच. "माझ्या लग्नात काय काय झालं त्ये ह्यास्नी आठवत न्हाय, आन् त्या जावयाच्या लग्नात कोन रुसलं हुतं त्ये पाठ हाय." पण एकदा मी त्यांच्याजवळ लसूण सोलत बसले होते, तेव्हा लक्षात आलं की विनोदाची जागा जवळ आली की त्यांचा भाकरी थापायचा आवाज थांबतो. पलीकडे तात्या हसतात. मग पुन्हा थापट सुरू. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "काय बगतीस? त्यास्नी ऐकू आलं पायजे का नगो?"

तात्या विनोद व्हायच्या आधी हसायचे. नंतर नाही. पोस्टमास्तर दार उघडायला निघाले की यांचं पोट हलायला लागायचं, आणि दार उघडून प्रत्यक्ष फजिती व्हायची तेव्हा हे शांतपणे समाधानानं बघत असायचे. पाहुणा जर नंतर हसला, म्हणजे जगातली सगळी माणसं हसतात तसा, तर तात्यांना ते आवडायचं नाही. "ह्यास्नी ठावं नव्हतं," असं ते काकींना सांगायचे. जणू पाहुण्यानं जेवायच्या आधी हात धुतले नव्हते.

बाकी काही ते बघत नसत. मुलगा पुण्यात कंपनीत होता. त्यानं एका दिवाळीला मोठा, इंटरनेटवाला टीव्ही आणला आणि वडिलांना एक रहस्यमय मालिका लावून दिली. पहिल्याच भागात विहिरीत प्रेत सापडलं. तात्यांनी विचारलं, "कुनी मारलं?"

"तेच तर शेवटी कळतं, तात्या."

"तुला ठावं हाय?"

"हो, पण सांगितलं तर मजा काय राहिली?"

"मग तुजी मजा तू बग," असं म्हणून तात्या अंगणात जाऊन बसले. क्रिकेटचंही तेच. कोण जिंकणार हे माहीत नसताना दिवसभर कसं काय बसतात लोक, याचं त्यांना खरोखर नवल वाटायचं.

याचं कारण त्यांनी मला एकदा सांगितलं, तेही मी विचारलं नसताना. नळाला पाणी कधी येईल असं मी विचारलं होतं. तात्यांना वेळ विचारलेली अजिबात खपत नसे. 'येईल', 'लागंल', 'व्हईल', एवढीच उत्तरं ठरलेली. त्या दिवशी मी जरा चिडून म्हटलं, "तात्या, साधं अंदाजानं तरी सांगा." ते खुर्चीत सावरून बसले.

"म्याडम, सगळी नोकरी त्या खिडकीत काढली. लोकं यायची. गाडी कधी लागंल? बाई बाळंतपनाला निघालेली, गाडी कधी लागंल? पोराची परीक्षा, गाडी कधी लागंल? आन् म्या आत बसलेला. मला काय ठावं? गाडी भिगवनच्या पुढं बंद पडलीया का पंक्चर झालीया, कोन सांगनार? त्या टायमाला कुठं फोन हुते? पर म्या खिडकीत हाय म्हंजे मला ठावं असनार, असं लोकास्नी वाटायचं. शिव्या खाल्ल्या. पाया पडलेलीबी बगितली. आन् मला ठावंच नसायचं." मग टीव्हीकडे बोट दाखवून म्हणाले, "हितं मला समदं ठावं हाय."

 पाणी रात्रीपर्यंत आलं नाही.

धाकट्या जावयाचं काम करणारा नट वारला, तेव्हा पेपरात कोपऱ्यात बातमी होती. तात्यांनी ती मोठ्यानं दोनदा वाचली. काकी म्हणाल्या, "आज नगा लावू. मानूस गेलं, बरं दिसत न्हाय." तात्या म्हणाले, "आज तर सासरा त्याला बैलगाडीत घालून लावून देतुया. आन् त्यो दुसऱ्या दारानं परत येतुया. न लावून कसं चालंल?" लावली. धाकटा दुसऱ्या दारानं परत आला.

काकी असल्या बाबतीत कडक होत्या. आमच्याकडे मयताच्या घरात दिवस होईपर्यंत टीव्ही लावत नाहीत. वर टॉवेल टाकून ठेवतात. शेजाऱ्यांनीही आवाज बारीक करायचा असतो, आणि भिंतीला भिंत असेल तर लावायचाच नाही, हा काकींचा नियम. शेजारची म्हातारी गेली तेव्हा काकींनी स्वतःच्या टीव्हीवरही टॉवेल टाकला. तात्यांनी दोन संध्याकाळी कशाबशा काढल्या. तिसऱ्या दिवशी पेन ड्राइव्ह सदऱ्याच्या खिशात घालून, खिशावर हात ठेवून ते स्टँडजवळच्या टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात गेले. दुकानदाराला सांगितलं, आमच्या टीव्हीत बिघाड आहे का पेन ड्राइव्हमध्ये ते बघा. दुकानदारानं लावून बघितलं. उत्तम चालत होतं. "पुढंबी चालतंय का बगा," असं करत करत तात्यांनी अख्खी स्कूटरची गाडी तिथं उभ्यानं पाहिली. हे काकींना कळायचं तेव्हा कळलंच. आठवडाभर त्या तात्यांशी बोलताना मधे मला घालत होत्या. "म्याडम, दुकानवाल्यास्नी विचारा, चहा घेनार का."

या घरात नेमानं येणारा एकच पाहुणा होता. काकींचे भाऊ, बावड्याचे. सगळे त्यांना मामा म्हणत, म्हणून मीही म्हणायची. उंच, पांढरी टोपी, आवाज शेतावरून शेतात जाणारा. बाजाराच्या दिवशी ते बावड्याहून बारामतीला यायचे, बहिणीसाठी कधी वांगी, कधी हुरडा आणायचे, आणि मालिकेच्या वेळेला टीव्हीकडे मुद्दाम पाठ करून बसायचे. "रिकामपनाचे उद्योग," एवढंच त्यांचं मत. तात्या त्यांना 'पाव्हनं' म्हणायचे, ते तात्यांना 'दाजी'. दोघं तास तास बसायचे. मामा उसावर बोलायचे, तात्या जावयांकडे बघायचे, आणि दोघांनाही आपला वेळ छान गेला असं वाटायचं. मुलगा पुण्याला, नातेवाईक पांगलेले. तात्यांना बसायला-उठायला या जगात तेवढे एक मामा होते.

मग काकी गेल्या.

त्या दिवशी मी कामावर होते, तरी काय झालं ते मला अक्षरशः पाठ आहे. दुपारी जेवणं झाली. काकींनी मेथी निवडायला घेतली. निम्मी निवडून झाल्यावर म्हणाल्या, जरा पाठ टेकते. तात्या पेपर वाचत होते. चार वाजता त्यांनी चहा मागितला. ओ आली नाही. पुन्हा हाक मारली. मग उठून आत गेले. एवढंच. हे मला पाठ आहे कारण पुढच्या दिवसांत जिन्यावर बसून मी ते किती तरी वेळा ऐकलं.

भेटायला येणाऱ्यांची एक पद्धत असते. मंडळी येतात, भिंतीला टेकून बसतात, थोडा वेळ कुणीच बोलत नाही. मग त्यांच्यातलं वडीलधारं माणूस खाली बघत विचारतं, "कसं काय झालं वं?" आणि घरच्यानं पहिल्यापासून सांगायचं असतं. जेवणं झाली. मेथी घेतली. पाठ टेकते म्हणाली. सांगून झालं की मंडळी चुकचुकतात आणि काय करायला हवं होतं ते सांगतात. आधी छातीत दुखलं नव्हतं का? दुपारच्याला हाक मारून बघायची. लगोलग दवाखान्यात घातलं असतं तर. मग ते उठतात, 'येतो' न म्हणता जातात, आणि दारात दुसरी गाडी थांबते. भवानीनगरची मंडळी, भिगवणची मंडळी, एसटीतले जुने लोक. प्रत्येकाला पहिल्यापासून हवं असायचं. त्यात कुणाचं काही चुकत नव्हतं. विचारलं नसतं तर ते माणुसकीला सोडून झालं असतं.

तात्या सांगायचे. सुरुवातीला सांगताना रडायचे. मग रडणं थांबलं आणि आवाज नाकातून यायला लागला. "चार वाजता चहा मागितला. चार वाजता चहा मागितला." मी लॅबमध्ये रक्त जाऊन जाऊन पांढरी पडलेली माणसं पाहिली आहेत. तात्यांचा चेहरा तसा दिसत होता. मुलगा मंडपवाल्याकडे, भटजींकडे, दहाव्याच्या तयारीत. टीव्हीवर काकींनीच कडा शिवलेला टॉवेल होता.

मामा पहिल्या दिवशी अंत्यविधीला होतेच. मधे ते बावड्याला जाऊन परत आले ते जीपभर भावकी घेऊन. काकींच्या माहेरची ही माणसं, त्यांचा मान मोठा. सगळी रीतीनं बसली. बायका आत गेल्या. त्या मंडळींत काकींचे एक म्हातारे चुलते होते, त्यांना अंत्यविधीला येता आलं नव्हतं. ते कानामागं हात धरून म्हणाले, "कसं झालं वं, जावईबापू? माज्या लेकीचं कसं झालं? पयल्यापास्नं सांगा."

तात्यांनी तोंड उघडलं. "जेवनं झाली," म्हणाले. मग थांबले. सगळे वाट बघत होते. तात्या उठले, टीव्हीपाशी गेले, टॉवेल काढून घडी घालून खुर्चीच्या पाठीवर ठेवला आणि रिमोट दाबला.

मालिकेचं सुरुवातीचं संगीत खोलीभर झालं. माहेरच्या माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. मुलगा दारातून धावत आला. "तात्या! लोक बसलेत!" तात्या खुर्चीत बसून बघत होते. पडद्यावर पोस्टमास्तर गिझर विकत घेत होते.

मामा उठले. मी त्यांना कधी इतकं उंच पाहिलं नव्हतं. "दाजी, बंद करा त्ये."

तात्यांनी रिमोट मुठीत घट्ट धरला.

"माजी भन गेलीया. तिचं दिवस व्हायच्यात. बावड्याची समदी मानसं बसल्याली हायती, आन् तुमी टीवी लावता? दाजी, म्या आत्ता हितनं उठून गेलो, तर पुना ह्या घरात पाऊल टाकनार न्हाय. दहाव्यालाबी न्हाय. बंद करा."

मामा बोललेलं करून दाखवणारे होते. खोलीतल्या सगळ्यांना ते माहीत होतं, तात्यांना तर सर्वांत जास्त. म्हातारे चुलते "काय झालं? काय झालं?" असं विचारत होते. मुलानं रिमोटला हात घातला. तात्यांनी तो सोडला नाही.

"पाव्हनं," तात्या म्हणाले. आवाज नाकातून नव्हता आणि त्यांनी ते दोनदाही म्हटलं नाही. "चार दिस झालं, म्या सांगतुया. सकाळपास्नं सांजपातूर सांगतुया. जितक्या येळा सांगितलं, तितक्या येळा ती मेलीच. येकदाबी उठली न्हाय."

 टीव्हीत गिझर बसवायला माणूस आला. आतल्या बायकांचं बोलणं थांबलं नव्हतं, कारण त्यांना बाहेरचं काही कळलेलं नव्हतं. गिझर फुटायची जागा आली आणि आत कुणीतरी भांडं आपटलं, त्या आवाजात पोस्टमास्तरांची आरोळी ऐकू आली नाही. तात्या हसले नाहीत. मला काकी गेल्याचं खरं दुःख त्या क्षणी झालं. तोवर मी नुसती धावपळ करत होते.

मामा उभेच होते. टोपी काढून त्यांनी डोक्यावरून हात फिरवला, टोपी परत घातली. ते जाणार असं वाटलं आणि ते निघालेही. भावकीतली दोन-तीन माणसं त्यांच्यामागं उठली. मुलगा "मामा, मामा" करत दारापर्यंत गेला. तेवढ्यात फाटकाशी रिक्षा थांबली. तात्यांच्या चुलतघराकडची मंडळी होती. एक म्हाताऱ्या बाई उतरतानाच सूर लावत आल्या, "कसं गं बया झालं, मला कुनी तरी सांगा गं."

मामांनी त्यांना ओट्यावरच अडवलं. अंगणातली एक प्लास्टिकची खुर्ची ओढली, पायानं दुसरी सरकवली.

"हितं बसा, मावशी. आत नगा जाऊ," ते म्हणाले. "म्या भाऊ हाय तिचा. म्या सांगतो."

आणि त्यांनी सांगितलं. जेवणं झाली, मेथी घेतली, पाठ टेकते म्हणाली. ते त्या वेळी बावड्यात उसाला पाणी देत होते, त्यांनी यातलं काहीही पाहिलेलं नव्हतं. त्यांचा आवाज असा की त्यांना हळू बोलता येत नसे, पण ते बोलत होते. दवाखान्यात का नेलं नाही असं मावशींनी विचारलं, तेव्हा म्हणाले, "टाइमच दिला न्हाय तिनं." त्यांच्यामागं उठलेली माणसं ओट्यावरच टेकली.

दहाव्यापर्यंत मामा बावड्याला गेले नाहीत. उसाच्या पाण्याची पाळी स्वतःच्या मुलावर सोपवली. रोज सकाळी दोन खुर्च्या ओट्यावर टाकून ते बसायचे. गाडी थांबली की उठायचे, पाणी द्यायचे आणि पहिल्यापासून सांगायला लागायचे. स्वतःच्या बहिणीचं. सांगताना दर वेळी त्यांचे डोळे वाहायचे आणि ते पुसायचे नाहीत. आतल्या खोलीत टीव्ही चालू असायचा, त्यातली माणसं हसायची. भेटायला आलेले चमकून दाराकडे बघायचे. मामा तेवढं थांबायचे, आतलं हसणं संपू द्यायचे, आणि मग म्हणायचे, "तर चार वाजता दाजींनी चहा मागितला."